बुवांचा थांबा

इर्मा डिसिल्वाने आपली सिगारेट रघुनाथबुवांच्या फोटोपुढल्या उदबत्तीवर पेटवली आणि स्टुडिओतल्या आम्ही सगळ्यांनी एकदम दुसरीकडे कुठेतरी पाहिलं. मी ऑर्गनच्या पट्ट्या पुसायला घेतल्या. रेकॉर्ड कंपनीचे कर्णिक घड्याळाला किल्ली देऊ लागले. उरले नानासाहेब आरोंदेकर. फोटो त्यांच्या वडिलांचा होता, उदबत्ती त्यांची होती आणि माइकच्या दांड्याला घातलेला झेंडूचा हारही त्यांनीच दादरहून आणला होता.

"बाई," नानासाहेब म्हणाले, "हे आम्हाला देवाच्या जागी आहेत."

"देव हाय तर रागावणार नाय," इर्मा म्हणाली. "माझी काडेपेटी घरी ऱ्हायली." तिने धूर सोडला आणि माइककडे पाहिलं. "आणि तो हार काढ, नाना. माझा आवाज झेंडूतून जायचा नाय."

नानासाहेबांना 'नाना' म्हणणारं माणूस हयात नव्हतं, आणि 'तू' म्हणणारं तर जन्मलंच नसावं. त्यांनी हार काढला, घडी घालून मांडीवर घेतला आणि शेजारी ठेवलेला चांदीचा पानाचा डबा उगाचच उघडून मिटला. डबा बुवांचा होता. नानासाहेब तो सगळीकडे घेऊन जात. स्वतः पान खात नसत, तरी डबा रोज ताज्या पानांनी भरलेला असे, आणि सभेत अध्यक्षांच्या शेजारी तो डबा दिसला की लोकांना बुवा आल्यासारखे वाटत.

ही एकाहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. तिला आता तीस वर्षं होऊन गेली आणि त्या खोलीतल्यांपैकी मी आणि एक ड्रमवाला एवढेच उरलोय. ड्रमवाल्याला मराठी येत नव्हतं, तेव्हा सांगायचं काम माझ्यावरच आलं.

रघुनाथबुवा आरोंदेकर म्हणजे मनमोदक संगीत मंडळीचे मालक आणि नायक. त्यांचं 'संगीत शापसौभाग्य' हे नाटक आज कोणी वाचलं तर लेखकावर खटला भरावासा वाटेल. पण त्यातलं 'दीप का लाजे असा हा' हे पद राहिलं. पस्तीस साली बुवांनी त्याची रेकॉर्ड दिली आणि तेव्हापासून मराठी माणसाने ते पद लग्नात, बारशात, गणपतीत आणि बँकेच्या शाखांच्या उद्घाटनात गाऊन घेतलं. कर्णिकांच्या डोक्यात आलं की चर्चगेटच्या हॉटेलात जॅझ गाणाऱ्या बाईकडून हे पद गाऊन घ्यावं. पुण्याचे लोक शिव्या देतील, आणि नीट शिव्या देता याव्यात म्हणून तरी रेकॉर्ड विकत घेतील, असा त्यांचा हिशेब.

पदाचे हक्क नानासाहेबांकडे. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, सॅक्सोफोन, बास काय वाटेल ते घ्या, पण ऑर्गन हवा. दोन, बुवांचा थांबा जसाच्या तसा हवा. तो स्वतः ऐकून मगच ते संमतीपत्रावर सही करणार होते.

ऑर्गनसाठी माझं नाव त्यांनीच सुचवलं. कारण थांबा वाजवावा तर पेंडुरकरने, असं सगळीकडे बोललं जाई.

थांबा असा. अंतऱ्यात पहिली ओळ संपली की बुवा गप्प. ऑर्गन एकटाच कुठेतरी भरकटतो. मग बुवा 'वाट सरली, पाय उरले' ही ओळ अशी काही उचलतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. याची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक होती. रेकॉर्डिंगच्या वेळी ऑर्गनवाला ताल चुकला, भांबावला, आणि बुवांनी रागावण्याऐवजी समुद्रासारखं थांबून त्याला पोटात घेतलं. बुवांनी स्वतःच ही गोष्ट मरेपर्यंत पंचवीस वर्षं भाषणांतून सांगितली. पुढे प्रत्येक गवई हा थांबा करू लागला. तबला बंद व्हायचा, ऑर्गनवाल्याने डोकं खाजवायचं, छताकडे पाहायचं, दोन बेसूर पट्ट्या दाबायच्या, गवयाने डोळे मिटून बोट हलवायचं, की पब्लिक खूश. वन्समोअर ठरलेला.

यात मी सर्वांत वरचढ होतो. निवेदक सांगायचा, "आज ऑर्गनच्या साथीला साक्षात भार्गवराम पेंडुरकरांचे चिरंजीव," की मी डोकं खाजवायच्या आधीच लोक हसायला लागत. कारण तो ताल चुकलेला ऑर्गनवाला म्हणजे माझे वडील.

आता उदबत्तीच्या त्या सकाळच्या तालमीकडे येतो. वांद्र्याला इर्माच्या घरी जाऊन तीन आठवडे मी तिला पद शिकवलं होतं. ती ते वहीत रोमन अक्षरांत लिहून घ्यायची आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारून मला घाम फोडायची. "दीप कशाला लाजेल, मास्तर? त्याला काय दिसलं?" असं पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. थांब्याबद्दल मी तिला एवढंच सांगितलं होतं की इथे थांब, मी खूण करीन.

तर ती थांबली. मी माझं सगळं केलं. डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, दोन पट्ट्या बेसूर दाबल्या. काचेपलीकडे कर्णिक हसले, नानासाहेबांनी डोळे मिटून बोट हलवलं.

इर्माने कानावरचा हेडफोन काढला. "मास्तर, बरं नाय वाटत?"

"हा बुवांचा थांबा," मी म्हणालो आणि तिला गोष्ट सांगितली.

"कोण होता तो ऑर्गनवाला?"

मी पट्ट्या पुसू लागलो. नानासाहेबांनी सावकाश, चवीने सांगितलं, "यांचेच तीर्थरूप."

इर्मा माझ्याकडे बघत राहिली. "आणि तू बापाची नक्कल करतोस?"

"परंपरा आहे," मी म्हणालो.

"कसली? बाप चुकला त्याची?"

"लोकांना आवडतं."

"लोकांना माझे पाय पण आवडतात," इर्मा म्हणाली. "कर्णिक, तो जुना टेप लाव. मना दिलेला तो."

कर्णिकांनी बुवांची मूळ रेकॉर्ड टेपवर उतरवून तिला ऐकायला दिली होती. ती आता स्टुडिओत वाजू लागली. बुवांचा आवाज आला, खरखरीत आणि भरदार. अंतरा आला. पहिली ओळ संपली. इर्माने बोटाने दांड्यावर ठेका धरला आणि ड्रमवाल्याला भुवई उडवून मोजायला सांगितलं. ऑर्गन वाजला, तबला चालूच होता, आणि मग बुवा आले.

"सिक्स्टीन," ड्रमवाला म्हणाला.

"परत लाव."

परत सोळा. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मीही मांडीवर बोटं मोजत होतो. सोळा मात्रा, बरोबर एक आवर्तन, तबल्याच्या एका थापेचा फरक नाही.

"आता तो काय वाजवतो ते ऐक," इर्मा म्हणाली. "आधी नुसतं भरतो. मग शेवटी काय आलं? वाट सरली, वाट सरली. पुढच्या ओळीचं तोंड. माझा पियानोवाला हेच करतो, मी शब्द विसरले की. एक फेरी भरतो आणि पुढची ओळ माझ्या हातात देतो, ही घे बाई म्हणून." ती नानासाहेबांकडे वळली. "चुकलेला माणूस मोजून सोळा नाय चुकत, नाना. शब्द तुझा बाप विसरला. याच्या बापाने त्याला रस्ता दाखवला."

तुम्ही म्हणाल, तू वाजवणारा माणूस, तुला हे कधी ऐकू आलं नाही? ती रेकॉर्ड मी पाचशे वेळा तरी ऐकली असेन. पण जिथे लाज वाटते तिथे माणूस कान देत नाही. त्या जागी मी प्रत्येक वेळी खोकलो होतो किंवा खिडकीबाहेर पाहिलं होतं.

नानासाहेब उठले. त्यांनी शाल घेतली, हार घेतला, फोटो काखेत घेतला आणि पानाचा डबा छातीशी धरला. "उद्या अकराला येईन," ते कर्णिकांना म्हणाले. "परंपरेप्रमाणे थांबा झाला तर सही करीन. नाहीतर या बाईंनी हॉटेलात काय गायचं ते गावं." उदबत्तीचं घर विसरून गेले. इर्माने त्यात राख झाडली.

आमचं बिऱ्हाड गिरगावात तिसऱ्या मजल्यावर होतं. दिवेलागणीला मी पोचलो तेव्हा वडील खिडकीत बसून भिजवलेले वाल सोलत होते. तोंडात दात एकही नव्हता, पण डाळिंब्यांची उसळ त्यांना लागायचीच. घरात ऑर्गन माझा होता, त्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. बुवांच्या कंपनीतून बाहेर पडल्यावर त्यांनी एका वखारीत कारकुनी केली आणि वाद्य म्हणून सायकलची घंटा वाजवली तेवढीच.

मी समोर बसलो आणि सरळ म्हणालो, "अण्णा, सोळा मात्रा होत्या."

"सोळाच होत्या," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाजवल्या मी. मला नाही माहीत तर काय त्या वालांना?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक वाल सोलला, साल वेगळी टाकली, डाळिंबी वेगळी. "बुवाला काही लक्षात राहत नसे. गळा म्हणशील तर सोन्याचा, आणि डोक्यात भुसा. स्वतःच्या लग्नात बायकोचं नाव घ्यायला विसरला होता, शेवटी भटजींनी घेतलं. तर कंपनीत रीत होती. नटाची चूक पेटीवाल्याने खायची. बुवा शब्द विसरला की मी फेरी भरायचो, ओळ द्यायचो. पडदा पडला की बुवा सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडायचा. पेंडुरकर, ताल सोडलात, गाढव आहात. मी मान खाली घालायची. त्याच्या गळ्यावर चाळीस माणसं जेवत होती. गळ्याला नाव ठेवून कसं चालेल? पेटीवाला काय, दुसरा मिळतो."

"आणि तुम्ही ऐकून घ्यायचात?"

"फुकट नाही. तासाभराने बिऱ्हाडी विडा यायचा. बुवा स्वतःच्या हाताने लावायचा. एक लवंग टोचलेला. म्हणजे काय, की चूक माझी होती हे मला ठाऊक, तुला ठाऊक, झालं, मिटलं. साताऱ्याला बुवाला ताप भरला, अख्खा तिसरा अंक मी सुरावर ओढत नेला, तेव्हा दोन लवंगांचा आला होता. तेवढा एकदाच."

"रेकॉर्डच्या दिवशी?"

"ओरडला की. तेव्हा मेणाच्या तबकडीवर घ्यायचे. दोन वाया गेलेल्या, तिसरी शेवटची. पुन्हा घेता येईना. गोऱ्या साहेबासमोर ओरडला. मी म्हटलं, ओरड बाबा, विडा येईलच. बिऱ्हाडी येऊन बसलो. संध्याकाळ झाली. विडा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तेव्हा कळलं की या वेळेस त्याला खरंच वाटतंय की मी चुकलो. चौथ्या दिवशी वळकटी बांधली."

"एकदा विचारायचं तरी."

"विडा मागायचा असतो का?" अण्णा म्हणाले.

दोघेही कोकणातले. आमच्याकडे भांडण मिटवण्यापेक्षा ते नीट सांभाळून ठेवण्याकडे माणसांचा ओढा जास्त. बुवा साठ साली वारले, तेव्हा अण्णांनी पेपर वाचून घडी घातली आणि त्यावर कांदे वाळत घातले होते.

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "खालचे सबनीस सांगत होते, तू थांबा फार छान करतोस म्हणे. डोकं खाजवतोस. अगदी माझ्यासारखा दिसतोस, म्हणाले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला आयुष्यात तेवढी लाज कधी वाटली नव्हती. मी मूठभर वाल पुढ्यात ओढले आणि सोलायला लागलो, आणि जेवायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहालाच मी इर्माला स्टुडिओसमोरच्या इराण्याकडे गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ब्रूनमस्का चहात बुडवून खात ऐकत होती.

"मी आज डोकं खाजवणार नाही," मी म्हणालो. "नानासाहेब सही करणार नाहीत. रेकॉर्ड निघणार नाही. तुझं नुकसान होईल. आधी सांगून ठेवतो."

"वीस वर्षं मी दुसऱ्यांची गाणी गाते, मास्तर," ती म्हणाली. "ज्या भाषेत मी कोळणीशी भांडते त्या भाषेत हे पहिलं गाणं. ते निघावं असं मना पण वाटतं." तिने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "पण तू डोकं खाजवलंस तर मी तुला त्या ऑर्गनमध्ये कोंबीन. चल."

अकराला नानासाहेब आले. फोटो पुन्हा लागला, डबा मांडीवर आला. आज उदबत्ती नव्हती. सही करायचा कागद कर्णिकांनी पेनसकट त्यांच्या शेजारी ठेवला. लाल दिवा लागला.

इर्मा गायला लागली आणि मला वाटतं, त्या पदाला पहिल्यांदाच कळलं की आपल्याला अर्थ आहे. बुवा ते समेवर उभं राहून गात, छाती काढून. ही बाई प्रत्येक शब्द ठेक्याच्या किंचित मागून आणायची, जसं कोणी आपल्याच घरात चप्पल हातात घेऊन शिरावं. 'दीप का लाजे असा हा' म्हणताना दिव्याला काय दिसलं ते सगळ्यांना दिसलं. बासवाल्याने मान खाली घातली. नानासाहेब ताठ बसले होते.

अंतरा आला. पहिली ओळ संपली. इर्माने तोंड उघडलं आणि आतून काही आलं नाही.

वही तिने बाजूला ठेवली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. शब्द गेले होते. पुढे मी तिला दोनदा विचारलं की खरंच विसरलीस की नाटक केलंस, आणि दोन्ही वेळा तिने वेगळं उत्तर दिलं. पण त्या क्षणी मला विचार करायला वेळ नव्हता. माझे हात माझ्यासाठी थांबलेच नाहीत. त्यांनी फेरी भरली, चार आणि चार आणि चार, वर गेले, आणि शेवटच्या चारात 'वाट सरली'चं तोंड तिच्यापुढे धरलं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ज्या जागी मी पाचशे वेळा खोकलो, ती जागा खोकत खोकत का होईना, कानात जाऊन बसली होती.

इर्माने ओळ घेतली. अलगद, बरोबर समेवर.

लाल दिवा विझला तेव्हा नानासाहेब उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. "हाच," ते म्हणाले. "हाच बुवांचा थांबा. मी होतो त्या दिवशी खोलीत. अगदी असाच. या लोकांनी पुढे त्याचा तमाशा केला, पण हा असा होता." कर्णिक धोरणी माणूस. त्यांनी अश्रू वाळायच्या आत पेन पुढे केलं. नानासाहेबांनी सही केली.

सही होताच इर्मा माझ्यावर ओरडली. "मास्तर! ताल सोडलास. चार बार, पुरी फेरी, कुठे भटकत होतास? गाढव हायस तू, गाढव."

मी थक्क झालो. बासवाला इंग्रजीत काहीतरी निषेध करू लागला. इर्माने त्याला हाताने गप्प केलं आणि नानासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तो नाय चुकला, नाना. शब्द मी विसरले, त्याने सांभाळलं. पण तुमच्यात रीत हाय ना? आधी सगळ्यांसमोर ओरडायचं. ओरडले मी. आता त्या डब्यातला विडा दे मना, एक लवंग लावून. मास्तरला द्यायचा हाय."

नानासाहेबांचा हात डब्यावर होता, तो तिथेच राहिला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"याच्या बापाने याला सांगितलं, याने मना. बाप अजून सांगतो, त्या दिवशी माझा विडा आलाच नाय."

नानासाहेब मागे न बघता बसले. मागे ड्रमवाल्याची झांज होती. ती वाजली, पण कोणी हसलं नाही.

"निघाला होता," ते म्हणाले.

"काय निघाला होता?" मी विचारलं.

"विडा. बुवांनी लावला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, पेंडुरकरला नेऊन दे, हातात दे." त्यांनी डबा उघडला, मिटला. "मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कंपनीत तीन वर्षं काम करत होतो. बुवांनी मला कधी विडा दिला नव्हता. मी कितीही चांगलं केलं तरी नाही. आणि यांच्या वडिलांना चुकीचासुद्धा विडा." ते थांबले. "जिन्यात खाल्ला."

"आणि बुवांना काय सांगितलंत?"

"पोचवला म्हणून सांगितलं. चार दिवसांनी पेंडुरकर निघून गेले. बुवा म्हणाले, विडा घेतला आणि तरी गेला, माजला. त्या रागात त्यांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. सांगून सांगून त्यांना स्वतःलाच खरी वाटायला लागली. मला ते सोयीचंच होतं. ती गोष्ट जितकी मोठी होईल तितका माझा विडा लहान व्हायचा."

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हे मी लपवत नाही. छत्तीस वर्षं एका माणसाने सायकलची घंटा वाजवली, आणि त्याच्या मुलाने डोकं खाजवून टाळ्या घेतल्या, एका पानाच्या विड्यापायी. पण अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस झांजेला पाठ लावून बसला होता आणि डब्यातलं पान हातात घेऊन त्याचा देठ खुडत होता. चुना त्याने दोनदा लावला. मी हात आवरला.

"किती मजले आहेत?" त्यांनी विचारलं.

"तीन."

तिन्ही मजले नानासाहेब स्वतः चढले. मधे दोनदा थांबले, पण विडा दुसऱ्याच्या हातात दिला नाही. मागून इर्मा उंच टाचांच्या सँडल हातात घेऊन अनवाणी येत होती, आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडून बायका बघत होत्या. एकाही मजल्यावर तिने नमस्कार चुकवला नाही.

अण्णा खिडकीतच होते. दारात शाल पांघरलेला माणूस पाहून त्यांनी डोळे बारीक केले. "कोण? नान्या?"

नानासाहेब उंबऱ्याच्या आत आले आणि दोन्ही हातांनी विडा पुढे केला. "बुवांनी विडा दिलाय," ते म्हणाले. "त्या दिवशीच दिला होता, भार्गवराम. मी जिन्यात खाल्ला."

अण्णांनी विडा घेतला. उलटून पाहिला. एक लवंग टोचलेली होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खलबत्ता काढ रे."

मी विडा कुटला. खोलीत तेवढाच आवाज होता. अण्णांनी तो चमच्याने तोंडात घेतला आणि हिरड्यांवर घोळवू लागले. ओठांच्या कडेला लाल रेघ आली. नानासाहेब उभेच होते, त्यांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

"चुना जास्त झालाय," अण्णा म्हणाले.

"हो."

"तो कसा होता? तू खाल्लास तो?"

"चांगला होता."

"लवंग किती होत्या?"

नानासाहेबांनी आठवायला वेळ घेतला नाही. "दोन. एक फार तिखट लागली, ती मी थुंकून टाकली."

अण्णांचा जबडा हलायचा थांबला. ते नानासाहेबांकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की छत्तीस वर्षांनी त्यांना पहिल्यांदा कळतंय की साताऱ्यासारखंच याही वेळी बुवाला सगळं माहीत होतं.

"हलकटा," अण्णा म्हणाले, अखिल महाराष्ट्राच्या संगीत रंगभूमीच्या वारसदाराला. "दोन लवंगांचा विडा जिन्यात खाल्लास, आणि त्यातली एक थुंकलास?"

आणि ते हसायला लागले. दात नसल्यामुळे पान आत राहीना. लाल पिचकारी थेट नानासाहेबांच्या पांढऱ्या धोतरावर गेली, आणि नानासाहेबांनी ती पुसली नाही. ते तसेच खाली जमिनीवर बसले आणि अण्णांचे गुडघे धरून रडत होते की हसत होते, कळायला मार्ग नव्हता.

"दोन लवंगांचं काय?" इर्मा दारातून विचारत होती. "मास्तर, दोन म्हणजे काय? हे तू मना नाय सांगितलंस."

सांगतो म्हणालो, आणि तस्त आणायला उठलो.